हा लाँगची खाडी पाहायची कशी : ड्रॅगन, भरती आणि गुडघे

व्हिएतनामची सहल ठरली की कोल्हापुरातला एजंट पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, क्रूझ चार स्टारची घेऊ का पाच स्टारची?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. हा लाँगच्या खाडीत पहिला प्रश्न एकच: बोट कुठल्या मार्गानं जाणार? खाडी १,५५३ चौरस किलोमीटरची, त्यात सरकारी मोजणीनं १,९६९ बेटं. सगळीकडं जाणारी बोट नसतेच. पर्यटक बोटींना ठराविक मार्ग आखून दिलेले आहेत आणि तुमच्या बोटीचा जो मार्ग, तेवढ्याच गुहा तुमच्या वाट्याला. पाचव्या स्टारात बाथटब मिळतो. गुहा वाढत नाहीत.

मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. बरोबर होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना आम्ही घरात आक्का म्हणतो. त्या पोथी-पुराणातल्या, गोष्टीवेल्हाळ. मी खडक बघत होते, त्या देव शोधत होत्या, आणि दोघींना दोन्ही सापडलं. म्हणून खाली दोन्ही आहे. खडकाची माहिती नसेल तर दुसऱ्या गुहेपासून सगळ्या गुहा सारख्या वाटायला लागतात, आणि गोष्ट माहीत नसेल तर दुपारच्या जेवणापर्यंत सगळी बेटं सारखी वाटायला लागतात. मग माणसं डेकवर बसून मोबाईल बघतात. असे लोक मी भरपूर पाहिले.

कधी आणि कसं

हा लाँग आपल्या नागपूरच्या अक्षांशावर आहे, पण हवा नागपूरची नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. आकाश स्वच्छ, पाणी शांत, उकाडा उतरलेला. दिवाळीची सुट्टी त्यात बसते हे आपलं नशीब. मार्चअखेर ते एप्रिल दुसऱ्या क्रमांकावर. जानेवारी-फेब्रुवारीत धुकं आणि भुरभुर पाऊस असतो, थंडीही चांगलीच वाजते. फोटो करडे येतात, पण धुक्यातनं एकामागं एक डोंगर निघताना बघायचे असतील तर तोही काळ वाईट नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी घाम आणि गर्दी दोन्ही गृहीत धरावी.

जून ते सप्टेंबर हे वादळांचे महिने. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी नावाचं वादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि बंदरातल्या कितीतरी बोटी बुडाल्या. जुलै २०२५ मध्ये भर दुपारी अचानक उठलेल्या वादळात पर्यटकांची एक बोट खाडीत उलटली, कित्येकांचा जीव गेला. मी घाबरवत नाही, पण स्वस्तातली पावसाळी टूर घेताना हे डोक्यात असू द्या. बोटीवर चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठं ठेवलंय ते स्वतः बघून घ्या. वारा उठला तर केबिनचं दार लावून आत पडून राहू नका. जॅकेट घालून बाहेर पडायच्या वाटेजवळ थांबा आणि कर्मचारी सांगतील तसं करा.

हवा बिघडली की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, आणि त्यापुढं कोणाचं काही चालत नाही. म्हणून एक गोष्ट एजंटकडून हट्टानं करून घ्या: खाडी टूरच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. सुरुवातीला असली तर रद्द झालेली फेरी दोन दिवसांनी तरी करता येते. शेवटच्या दिवशी रद्द झाली तर तुम्ही बंदर बघून विमानात बसणार.

पोचायचं सोपं आहे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, मुंबईहून हनोईला थेट विमान. घड्याळ दीड तास पुढं करायचं. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचा २५ डॉलर. अर्ज मात्र सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तशी दिसणारी खासगी पानं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. हनोईहून हा लाँग दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, द्रुतगती रस्ता झाल्यापासून अडीच तासांत गाडी बंदरावर. पैशाचा हिशोब असा धरा: एक लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. पहिल्या दिवशी नोटांवरची शून्यं बघून घेरी येते, दुसऱ्या दिवशी सवय होते.

मार्ग निवडताना

हनोईहून सकाळी निघून रात्री परत आणणारी एक दिवसाची सहल मिळते, स्वस्तही असते. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. पाच तास गाडीत, चार-पाच तास पाण्यावर, आणि गुहेत पोचता तेव्हा सगळ्या दिवसाच्या बोटी एकाच वेळी तिथं पोचलेल्या. एक रात्र तरी पाण्यावर काढा. दोन रात्री मिळाल्या तर फारच छान, कारण दुसऱ्या दिवशी मोठी बोट सोडून लहान बोटीनं आत नेतात.

मार्गांचं थोडक्यात असं. किनाऱ्याला सगळ्यात जवळचा मार्ग थिएन कुंग आणि दाउ गो या गुहांचा. कोंबडा-कोंबडीची म्हणून प्रसिद्ध असलेली खडकांची जोडी आणि धूपदाणीसारखं दिसणारं दिन हुओंग हे छोटं बेट याच वाटेवर लागतं. व्हिएतनामची दोन लाख डोंगांची नोट काढून धरा, मागच्या बाजूला तेच बेट छापलंय. दुसरा मार्ग सुंग सॉट गुहा, टी टॉप बेट आणि लुओनचं भुयार. सगळ्यात लोकप्रिय, म्हणून सगळ्यात गर्दीचा. ईशान्येला बाय तू लाँगकडं जाणारा मार्ग शांत. तिथं वुंग विएंग नावाचं तरंगतं कोळीगाव आहे. गावातली बहुतेक कुटुंबं २०१४ मध्ये सरकारनं जमिनीवर हलवली. आता माणसं तिथं होड्या वल्हवायला आणि मोत्यांच्या शेतीवर कामाला येतात. "अस्सल कोळी जीवन" असं माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तर हे लक्षात ठेवूनच जा. आणि दक्षिणेला कात बा बेटाच्या कुशीतली लान हा खाडी: पाणी निवळ, वाळूचे किनारे जास्त, मोठ्या गुहा कमी. कात बावर सोनेरी डोक्याचं एक वानर राहतं, जगात फक्त तिथंच, आणि शंभरही शिल्लक नाहीत. ते दिसेल असं कोणी वचन दिलं तर विश्वास ठेवू नका.

एक खुलासा. "वर्ल्ड हेरिटेज हा लाँगच, लान हा नव्हे," असं काही जण अजून सांगतात. युनेस्कोनं हा लाँगला १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूरचनेसाठी यादीत घेतलं, आणि २०२३ मध्ये कात बाचा द्वीपसमूहही त्याच वारशात जोडला. तेव्हा तो वाद मिटलेला आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी गर्दी सोसून दुसरा मार्गच सुचवीन, कारण गुहा आणि गोष्टी तिथं एकमेकींना चिकटून आहेत. फक्त एजंटला विचारा की सुंग सॉटला आमची बोट किती वाजता पोचते. काही क्रूझ दुपारच्या गर्दीत नेतात, काही दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. सकाळवाली घ्या. त्यासाठी एखादा स्टार कमी झाला तरी चालेल.

आधी गोष्ट ऐका

परकीय आरमार चालून आलं तेव्हा स्वर्गातल्या सम्राटानं एक ड्रॅगन माता आणि तिची पिल्लं मदतीला पाठवली. त्यांनी तोंडातनं मोती आणि पाचू फेकले. ते पाण्यात पडताक्षणी त्यांचे डोंगर झाले, दाट, भिंतीसारखे. शत्रूची जहाजं त्यांच्यावर आदळून फुटली. लढाई संपल्यावर ड्रॅगनना ही जागा इतकी आवडली की ते परत गेलेच नाहीत. माता जिथं उतरली ते हा लाँग, पिल्लं जिथं तिच्याभोवती जमली ते बाय तू लाँग, आणि त्यांच्या शेपट्यांनी जिथं पाणी घुसळून पांढरं झालं ते दूर समुद्रातलं बाख लाँग वी. नकाशा समोर धरून ही गोष्ट ऐकली की तिन्ही ठिकाणं ओळीनं सापडतात.

आक्कांनी हे ऐकल्यावर गाईडला आपल्या रंकाळ्याची गोष्ट सांगितली, मी इंग्रजी करत गेले. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. गाईड पोरगा पंचविशीतला. त्यानं गंभीरपणे विचारलं, "आता किती उरलंय?" आक्का म्हणाल्या, "आहे अजून, तू लग्न करून घे."

हे सांगायचं कारण असं की तिथले गाईड गोष्टी पाठ केल्यासारख्या घडाघडा म्हणतात. दिवसाला किती गटांना सांगणार बिचारे? तुम्ही आपली एक गोष्ट दिलीत की ते खुलतात, आणि मग माहितीपत्रकात नसलेल्या, त्यांच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टी बाहेर येतात. हा खर्च न करता मिळणारा सगळ्यात चांगला अपग्रेड.

भरतीचं गणित

हा भाग टूरवाले सांगत नाहीत, म्हणून मी जरा लांबवर सांगणार आहे.

मालवण-देवगडला जाणाऱ्या आपल्या लोकांना भरती-ओहोटी दिवसातनं दोनदा ठाऊक असते. हा लाँगमध्ये बहुतेक दिवशी भरती एकदाच येते आणि ओहोटी एकदाच. टोंकिनच्या आखाताचा आकार आणि खोली अशी आहे की चोवीस-पंचवीस तासांनी येणारी लाट तिथं बळावते आणि बारा तासांची दबून जाते. मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. आणखी गंमत म्हणजे कोकणातला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा हिशोब तिथं लागू पडत नाही. दिवसातनं एकदाच येणारी भरती चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकलाय त्यावर चालते. तो लांब असला की पाणी जोरात, विषुववृत्तावर आला की पाणी जेमतेम हलतं. वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती तिथं खडकावर ओल्या पट्ट्याच्या रूपात दिसली.

याचा उपयोग काय? बोटीवर पोचल्यावर व्यवस्थापकाला विचारा, उद्या ओहोटी किती वाजता? ओहोटीच्या वेळी डेकवर हजर राहा. प्रत्येक बेटाच्या पायाशी एक आत गेलेली खाच उघडी पडते, शिंपल्यांनी भरलेली. समुद्राचं पाणी चुनखडी विरघळवत, लाटा घासत, बेटाला बुंध्यापाशी खात राहतात. वरचा डोंगर रुंद आणि बुंधा बारीक असं चित्र त्यातनं तयार होतं. त्या कोंबडा-कोंबडीच्या जोडीचे पायही असेच खाल्ले जाताहेत. भरतीला हे सगळं पाण्याखाली आणि बेटं नुसती हिरवी टेकाडं.

आणि भरतीचं गणित कळलं की दाउ गो गुहेची गोष्टही कळते. नावातच लाकडाचे खुंट आहेत. १२८८ मध्ये मंगोल सम्राट कुबलाई खानाचं आरमार तिसऱ्या स्वारीवर आलं, तेव्हा व्हिएतनामी सेनापती ट्रान हुंग दाओनं इथून पश्चिमेला बाख दांग नदीच्या मुखात लोखंडी टोकाचे लाकडी खुंट रोवले. भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे झाले. लहान होड्यांनी हूल देऊन शत्रूची जहाजं आत ओढली आणि ओहोटी लागेपर्यंत झुंजवलं. पाणी उतरलं, जहाजं खुंटांवर अडकली, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. ते खुंट तासून या गुहेत साठवले होते, असं लोक सांगतात. हाच डाव त्याच नदीवर ९३८ मध्ये न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनानीनंही चालून आलेल्या आरमाराशी खेळला होता. साडेतीन शतकांनी पुन्हा तोच सापळा, आणि पुन्हा फसले. जिथं पाणी दिवसातनं एकदाच आणि इतकं उतरतं तिथंच हा डाव इतका साधतो, हे मला गुहेच्या तोंडाशी उभं राहून उमगलं. बाजीप्रभूंच्या खिंडीजवळ राहणाऱ्या माणसाला भूगोलानं जिंकलेली लढाई समजवावी लागत नाही.

गुहेत काय बघायचं

आपल्याकडच्या लेण्या बेसाल्टच्या. जोतिबाच्या पायथ्याची पोहाळ्याची लेणी घ्या, नाहीतर मसाई पठाराजवळची पांडवदऱ्याची. माणसानं छिन्नी-हातोड्यानं खडक काढला म्हणून पोकळी झाली. हा लाँगची गुहा पाण्यानं काढलीय. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडीच्या भेगांतनं झिरपत तिला विरघळवतं. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, तिथली चुनखडी पंचवीस ते चौतीस कोटी वर्षांची. डोंगर आधी जमिनीवरच झिजले. शेवटचं हिमयुग सरल्यावर समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या, माथे तेवढे वर राहिले. आपण ज्यांना बेटं म्हणतो ते बुडालेल्या डोंगराळ मुलखाचे शेंडे आहेत.

सुंग सॉट बो होन बेटावर आहे. फ्रेंचांनी १९०१ मध्ये तिला आश्चर्यांची गुहा असं नाव दिलं. बाहेर पायऱ्या चढून एका अरुंद तोंडातनं आत जायचं आणि मग दालनामागून दालन उघडत जातं, पुढचं आधीच्याहून मोठं. पहिल्या दालनात खाली बघू नका, वर बघा. छतावर गुळगुळीत वाटीसारखे खळगे आहेत, शेकडो. गुहा कधीकाळी पाण्यानं भरलेली असताना पाण्यानं छत कोरलं त्याच्या या खुणा. गाईड सहसा पुढं निघून जातो, तुम्ही थांबा.

लवणस्तंभ दोन प्रकारचे: छतातनं खाली येणारे आणि जमिनीतनं वर जाणारे. दोन्ही भेटले की खांब. छताकडच्याच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर तो अजून वाढतोय. वाढतो म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा. हात लावू नका. हाताचं तेल लागलं की पुढचा थर धरत नाही. "एवढ्यानं काय होतंय" म्हणणारे प्रत्येक गटात एक असतातच, त्यांच्याजवळ उभं राहायचं आणि शिक्षकी आवाज काढायचा.

आतल्या दालनात एक घोडा आणि तलवार दाखवतात. संत जिओंग हा तिथल्या दंतकथांतला वीर शत्रूला हरवून या वाटेनं आला, लोकांसाठी भुतं पळवली आणि स्वर्गात जाताना घोडा व तलवार दगडाची करून ठेवून गेला. प्रामाणिकपणे सांगते, मला घोडा दिसायला वेळ लागला. आक्कांना गाईडनं बॅटरी फिरवायच्या आधीच दिसला. पुढं एक उभा गोल खडक आहे, त्यावर लाल दिवा सोडलाय. गाईड तिथं हळूच हसतो, गोरे पाहुणे खिदळतात. आक्कांनी चप्पल काढली आणि हात जोडले. मग मागच्या दोन मराठी बायकांनीही जोडले.

रंगीत दिव्यांबद्दल माझी तक्रार आहे. हिरवा, जांभळा, गुलाबी असा प्रकाश सोडून खडकाचा खरा रंग मारून टाकलाय. उपाय सोपा: स्वतःची छोटी पांढरी टॉर्च न्या. दिवा नसलेल्या कोपऱ्यात भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे थर, लहरी, स्फटिक सगळं सावलीत उठून दिसतं.

थिएन कुंगमध्ये दिव्यांचा मारा आणखी जास्त, पण गोष्ट तिथली गोड. मे नावाची मुलगी, ड्रॅगन राजपुत्राचं तिच्यावर मन बसलं, आणि गुहेच्या मधल्या दालनात सात दिवस सात रात्री लग्न चाललं. वऱ्हाडी, नाचणारे, वाजवणारे, हत्ती सगळे दगडात दाखवतात. त्याच बेटावरची दाउ गो मला जास्त आवडली: नव्वदेक पायऱ्या, ऐसपैस तोंड, आत गार, आणि उजेड बाहेरून येणारा.

त्रिन नू गुहेकडं सगळ्या बोटी जात नाहीत, पण जवळून गेलात तर दाखवायला सांगा. गरीब कोळ्याची मुलगी, कर्जापायी जमीनदारानं तिला मागितली. ती नाही म्हणाली म्हणून तिला या बेटावर उपाशी सोडून दिलं. तिची शिळा झाली. तिच्यावर प्रेम करणारा तरुण वादळात होडी घालून शोधत आला, समोरच्या बेटापर्यंतच पोचला, आणि तिथं त्याचीही शिळा झाली. समोरासमोरच्या या दोन गुहा. वारा एका गुहेत घुमतो तो त्याचा आवाज, असं म्हणतात. ड्रॅगनच्या गोष्टीत आरमारं आहेत, हिच्यात सावकार आहे. म्हणून मला ही जास्त खरी वाटते.

लुओन ही वेगळीच चीज. डोंगराच्या पोटातनं पाण्यावरचं आरपार भुयार, साठेक मीटरचं, छत डोक्यावर काही हातांवर. पलीकडं निघता तेव्हा चारी बाजूंनी उभे कडे आणि मधे बंदिस्त तळं. डोंगरातली जुनी घळ समुद्रानं भरली त्याचं हे रूप. कायाक घेऊ का बांबूची होडी? तुम्हाला वल्ही मारायची सवय असेल तर कायाक. नसेल तर होडी घ्या, बहुतेक बाईच वल्हवते, आणि तुमचं लक्ष पाण्याऐवजी कड्यांकडं राहतं. आम्ही होडी घेतली. कड्यावर माकडं असतात, त्यांना बिस्किटं टाकू नका. भुयारात शिट्ट्या मारून प्रतिध्वनी काढायची हौस आवरा, मागून चाळीस होड्या तेच करत येत असतात.

गुडघे, पोट आणि पिशवी

टी टॉप बेटाचं नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोववरून पडलं. तो १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथं आला होता. माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, उभ्या. पन्हाळ्यावर नेहमी फिरणाऱ्याला काहीच नाही, पण गुडघे दुखणाऱ्यानं सुंग सॉट आणि टी टॉप एका दिवशी करू नये. निवडायचं झालं तर माथा सोडा, गुहा करा. आक्का अर्ध्यावरच्या विसाव्यापर्यंत आल्या. दृश्य तिथूनही दिसतं, ही आतली बातमी. मी वर गेले. सकाळची वेळ असेल तरच जा, दुपारी माथ्यावर उभं राहायला जागा नसते.

चपला चालत नाहीत. गुहेतल्या पायऱ्या ओल्या असतात, मागून पट्टा असलेली आणि तळाला खाचा असलेली सँडल घ्या. कोल्हापुरी घरी ठेवा, फोटोसाठीसुद्धा आणू नका. ओल्या चुनखडीवर चामडं सरकतं. खाडीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा स्टीलची बाटली बरोबर असू द्या, बोटीवर भरून देतात.

जेवण हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा विषय, तो थोडक्यात आटपते. मासे-चिंबोऱ्या खाणाऱ्यांची चंगळ. हा लाँगची खासियत म्हणजे माकूळ खलबत्त्यात कुटून केलेल्या तळलेल्या टिक्क्या, 'चा मुक'. गरम भाताबरोबर किंवा तांदळाच्या वाफवलेल्या पापडीबरोबर खातात. शाकाहारी लोकांनी सावध राहायचं ते माशाच्या सॉसपासून. भाजीत मासा दिसत नाही पण सॉस असतो. 'आन चाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण, हे दोन शब्द फोनवर व्हिएतनामी लिपीत ठेवा आणि बोटीवर आदल्या दिवशी दाखवा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले कितीतरी लोक स्वतःच असं जेवतात, त्यामुळं मागणं विचित्र वाटत नाही. मिरची टेबलावर असते, पण चव अळणी वाटणारच. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि छोट्या डबीत कांदा-लसूण मसाला चेक-इनच्या बॅगेत टाका. आमच्या बोटीवरच्या स्वयंपाक्यानं मसाल्याची डबी हुंगून बघितली आणि थोडा मागून घेतला.

बोट रद्द झाली तर

पैसे परत मिळण्याची अट बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. "बघू, ॲडजस्ट करू" यावर जाऊ नका. बंदर अधिकाऱ्यांनी फेरी थांबवली तर किती परत, फेरी निघून मधेच आणली तर किती, दोन्ही वेगवेगळं विचारा. बरेच जण पहिलंच विचारतात आणि भांडण दुसऱ्यावर होतं.

आणि मोकळा झालेला दिवस हॉटेलात काढू नका. पाऊस लागून राहिला असेल तर हा लाँग शहरात किनाऱ्यालाच काळ्या काचेचं क्वांग निन्ह संग्रहालय आहे. हा प्रांत कोळशाच्या खाणींचा, त्याचं दालन बघण्यासारखं आहे. नुसता समुद्र खवळलाय आणि डोंगरावर जाण्याजोगी हवा असेल तर गाडी करून येन तू डोंगरावर जा, वर न्यायला केबल कार आहे. वारा जोराचा असला की तीही थांबवतात, म्हणून निघायच्या आधी हॉटेलातनं फोन करायला लावा. बाख दांगच्या त्या लढाईवेळी गादीवर होता तो राजा ट्रान न्हान ताँग. १२९३ मध्ये त्यानं राज्य मुलाला दिलं, पुढं भिक्षू झाला आणि याच डोंगरावर राहून ट्रुक लाम हा बौद्ध पंथ सुरू केला. स्वेटर न्या, वर गारठा असतो, आणि शेवटची केबल कार किती वाजता सुटते ते चढतानाच विचारून ठेवा. चुकली तर उतरायच्या पायऱ्यांपुढं टी टॉप काहीच नाही.